व्हिसा, चारित्र्य आणि आपलं नाव



मित्रांनो, मैत्रिणींनो, परदेशी जाण्याबद्दल आपल्याकडे जे प्रश्न येतात त्यांचा क्रम ठरलेला असतो. आधी विचारतात, गुण किती लागतात? मग, बँकेत पैसे किती दाखवावे लागतात? मग, एजंट कोण चांगला? आणि सगळं विचारून झाल्यावर, जरा आवाज खाली आणून, शेवटचा प्रश्न येतो: "आपलं नाव बघून अडवतात का?"

आज मी या शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करणार आहे. कारण या प्रश्नाला सरळ उत्तर मिळालं नाही, की आपली मुलं स्वतःच उत्तर शोधतात. ते उत्तर बहुधा असं असतं, "मग काही गोष्टी न सांगितलेल्याच बऱ्या." नुकसान नेमकं तिथे होतं.

जगातल्या सगळ्या देशांबद्दल बोलायचं तर सगळंच अर्धवट होईल. म्हणून मी एकच देश घेतो, ऑस्ट्रेलिया. तिथले नियम लेखी आहेत, न्यायालयांचे निकाल सगळ्यांना वाचता येतात, आणि आपल्या विषयाचा सगळ्यात मोठा धडा देणारा खटला तिथेच घडला. तो एका भारतीय मुस्लिम डॉक्टरचा होता. त्याच्याकडे मी येणारच आहे.

आधी एक मूलभूत गोष्ट. आपला देश सोडून बाहेर जाणं आणि दुसऱ्या देशात शिरणं या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. पहिला आपला हक्क आहे. १९६७ साली सतवंत सिंग सॉनी यांच्या खटल्यात आपल्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की परदेशी जाणं हा व्यक्तिस्वातंत्र्याचा भाग आहे आणि सरकार मनाला येईल तसा पासपोर्ट नाकारू शकत नाही. त्यानंतर त्याच वर्षी पासपोर्ट कायदा आला. पुढे १९७८ साली मनेका गांधी खटल्यात हा हक्क आणखी पक्का झाला. संविधानाच्या कलम २१ मध्ये तो येतो. दुसरी गोष्ट मात्र हक्क नाही. परक्या देशाचा व्हिसा ही त्या देशाने दिलेली परवानगी आहे. ती त्याच्या कायद्याप्रमाणे मिळते, त्याच्या कायद्याप्रमाणे नाकारली जाते. एका ठिकाणी हक्काने बोलायचं, दुसऱ्या ठिकाणी पुराव्याने बोलायचं, हे लक्षात ठेवलं की निम्मा गोंधळ संपतो.

आता ऑस्ट्रेलियाचा दरवाजा पाहू. त्याला दोन कुलपं आहेत. एकाचं नाव पात्रता, दुसऱ्याचं चारित्र्य.

पात्रतेचं कुलूप गणिताचं आहे. कुशल कामगारांसाठी सबक्लास १८९, १९० आणि ४९१ हे मुख्य व्हिसा आहेत. वय पंचेचाळीसच्या आत हवं. तुमचा व्यवसाय त्यांच्या यादीत हवा. त्या व्यवसायाची नेमलेली संस्था तुमचं शिक्षण आणि अनुभव तपासते. इंजिनिअरसाठी इंजिनिअर्स ऑस्ट्रेलिया, संगणकवाल्यांसाठी ऑस्ट्रेलियन कॉम्प्युटर सोसायटी. इंग्रजीत आयईएलटीएसच्या चारही भागांत निदान सहा बँड हवेत. आणि गुण किमान ६५. समजा २८ वर्षांची एक अविवाहित मुलगी आहे. वयाचे ३०, पदवीचे १५, आयईएलटीएसच्या प्रत्येक भागात सात मिळवले तर १०, भारतात त्याच क्षेत्रात तीन वर्षं नोकरी केली त्याचे ५, आणि जोडीदार नसल्याचे १०. बेरीज ७०. ६५ म्हणजे रांगेत उभं राहण्याचा परवाना. बोलावणं येण्यासाठी बहुतेक वेळा त्याहून बरेच जास्त लागतात. या तक्त्यात धर्माचा रकाना नाही. नाव काहीही असो, बेरीज तीच येते.

दुसरं कुलूप चारित्र्याचं. इथे गणित नाही, इथे माणूस माणसाची पारख करतो. आणि जिथे माणूस पारख करतो तिथे चूकही होऊ शकते, पूर्वग्रहही येऊ शकतो. म्हणून भीती वाटणं चूक नाही. ऑस्ट्रेलियाचा इतिहासच त्या भीतीला आधार देतो.

१९०१ साली ऑस्ट्रेलिया एक देश झाला आणि त्याच वर्षी संसदेने इमिग्रेशन रिस्ट्रिक्शन ॲक्ट केला. त्या कायद्यात काळ्या, पिवळ्या, गोऱ्या कातडीचा शब्दही नव्हता. होती ती श्रुतलेखनाची परीक्षा. अधिकारी पन्नास शब्दांचा उतारा वाचून दाखवणार, आलेल्या माणसाने तो लिहून काढायचा. भाषा कोणती? सुरुवातीला कोणतीही युरोपीय भाषा, अधिकारी ठरवेल ती. ज्याला नापास करायचं त्याला न येणारी भाषा निवडायची, एवढं सोपं. १९३४ साली एगॉन किश हे चेकोस्लोव्हाकियाचे पत्रकार हिटलरविरोधी परिषदेसाठी आले. त्यांना बऱ्याच युरोपीय भाषा येत होत्या, म्हणून त्यांची परीक्षा स्कॉटिश गेलिकमध्ये घेतली! पुढे तिथल्या हायकोर्टाने सांगितलं की या कायद्याच्या अर्थाने ती युरोपीय भाषाच ठरत नाही. ऑस्ट्रेलियाचं हायकोर्ट म्हणजे त्या देशाचं सर्वोच्च न्यायालय, हे इथेच सांगून ठेवतो.

या परीक्षेची झळ आपल्या उपखंडातल्या माणसांना बसली. एकोणिसाव्या शतकात बलुचिस्तान, सिंध, पंजाब आणि अफगाणिस्तानातून उंट घेऊन गेलेल्या मुस्लिम उंटवाल्यांनी ऑस्ट्रेलियाचं वाळवंट पार करण्याचं काम केलं. तार, रेल्वे, खाणी, सगळ्यांचा माल त्यांच्या उंटांवर गेला. त्या सगळ्यांना तिथे सरसकट 'अफगाण' म्हणत. ॲडिलेडची मशीद त्यांनीच १८८०च्या दशकात उभी केली. नव्या कायद्याने त्यांच्यासारख्यांचं जाणं-येणं अवघड करून टाकलं. श्रुतलेखनाची परीक्षा १९५८ साली गेली. वंशावरून निवड करण्याचं धोरण १९७०च्या दशकात संपलं आणि १९७५ साली वंशभेदविरोधी कायदा आला. २०२१च्या जनगणनेत ऑस्ट्रेलियात ८ लाख १३ हजार मुस्लिम नोंदले गेले, लोकसंख्येच्या ३.२ टक्के. त्याच जनगणनेत भारतात जन्मलेले ६ लाख ७३ हजार लोक होते. ज्या दारावर श्रुतलेखन होतं, त्याच दारातून ही माणसं आत गेली.

मग आज 'चारित्र्य' म्हणजे काय? १९५८च्या मायग्रेशन ॲक्टचं कलम ५०१ वाचा. सगळं तिथे आहे. ते चार भागांत समजून घेऊ.

पहिला भाग शिक्षेचा. बारा महिने किंवा त्याहून जास्त कैदेची शिक्षा झाली असेल, किंवा वेगवेगळ्या शिक्षा मिळून बारा महिने होत असतील, तर माणूस चाचणीत नापास. इथे सुनावलेली शिक्षा मोजतात, आत किती दिवस काढले ते नाही.

दुसरा भाग संबंधांचा. गुन्हेगारी कृत्यात गुंतलेल्या माणसाशी, गटाशी, संघटनेशी तुमचा संबंध आहे किंवा होता, असा रास्त संशय मंत्र्यांना असेल तर.

तिसरा भाग वर्तनाचा. शिक्षा झालेली नसली तरी आजवरच्या एकूण वागण्यावरून माणूस सच्चरित्र नाही असं म्हणता येतं. घरातला हिंसाचार ते लोक फार गांभीर्याने घेतात. चारित्र्याचे निर्णय कसे घ्यावेत याच्या मंत्र्यांच्या लेखी सूचना आहेत, आणि त्यांत कौटुंबिक हिंसाचार हा २०२१ पासून पहिल्या दर्जाचा मुद्दा आहे. 'नवराबायकोचं भांडण, घरातली बाब' हे वाक्य तिथे चालत नाही. खरं तर इथेही चालायला नको.

चौथा भाग पुढच्या धोक्याचा. हा माणूस इथे येऊन कुणाला धमकावेल का, एखाद्या समाजगटाची बदनामी करेल का, लोकांत तेढ पेरेल का?

हा चौथा भाग फक्त मुसलमानांसाठी ठेवलाय असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. १९९०च्या दशकात डेव्हिड आयर्विंग या ब्रिटिश लेखकाला ऑस्ट्रेलियाने व्हिसा नाकारला. ज्यूंच्या कत्तलीचा इतिहास नाकारण्यासाठी तो कुप्रसिद्ध आहे. २०२४ साली अमेरिकेच्या कँडेस ओवेन्स यांना व्याख्यानांच्या दौऱ्यासाठी व्हिसा नाकारला गेला. ज्यूंच्या कत्तलीबद्दलच्या त्यांच्या बोलण्याबरोबर मुसलमानांबद्दलचं त्यांचं बोलणंही मंत्र्यांनी कारण म्हणून सांगितलं. २०२५ मध्ये हायकोर्टाने तो निर्णय कायम ठेवला. जो नियम आपल्याविरुद्ध द्वेष पसरवणाऱ्याला अडवतो, तोच आपल्यातल्या द्वेष पसरवणाऱ्यालाही अडवेल. म्हणून व्हॉट्सॲपवर काही पुढे ढकलताना आपण हे दोन्ही बाजूंनी पाहायला हवं.

आणि एक बारकावा. कायद्याची भाषा अशी आहे की आपण चाचणीत बसतो हे अर्जदाराने पटवून द्यायचं. संशयाचा फायदा आरोपीला, हे फौजदारी न्यायालयाचं तत्त्व. व्हिसाच्या टेबलावर ते नाही. गप्प बसून इथे काही मिळत नाही.

आता तो खटला.

डॉक्टर मोहम्मद हनीफ, बंगळूरचे. आधी इंग्लंडमध्ये काम केलं, मग ऑस्ट्रेलियात गोल्ड कोस्टच्या रुग्णालयात नोकरी. व्हिसा नोकरीचा, सबक्लास ४५७. २००६ साली इंग्लंड सोडताना त्यांनी आपलं मोबाइलचं सिमकार्ड नात्यातल्या एका भावाला दिलं, शिल्लक असलेला प्लॅन त्याने वापरावा म्हणून. आपल्या घरांत हे रोज होतं. गल्फमधून परतणारा माणूस गादी, कुकर आणि सिम मागच्याला देऊनच येतो.

३० जून २००७ रोजी स्कॉटलंडमध्ये ग्लासगो विमानतळावर जळती जीप घुसवण्यात आली. हल्लेखोरांतला एक त्या भावाचा सख्खा भाऊ होता. २ जुलैला हनीफ यांना ब्रिस्बेनच्या विमानतळावर अटक झाली. ते एकाच बाजूचं तिकीट घेऊन भारतात निघाले होते. कारण त्यांनी सांगितलं: काही दिवसांपूर्वी बंगळूरमध्ये त्यांना मुलगी झाली होती. आरोप न ठेवता त्यांना बारा दिवस कोठडीत ठेवलं. १४ जुलैला आरोप ठेवला की त्यांनी बेफिकिरीने दहशतवादी संघटनेला सिमकार्डची मदत केली. १६ जुलैला मॅजिस्ट्रेटने जामीन दिला. आणि त्याच दिवशी, काही तासांत, इमिग्रेशन मंत्री केव्हिन अँड्र्यूज यांनी चारित्र्याच्या कारणाने त्यांचा व्हिसा रद्द केला. आधार? मघाचा दुसरा भाग, 'संबंध'.

म्हणजे न्यायालयाने दार उघडलं आणि व्हिसाच्या कायद्याने ते पुन्हा लावलं. आपल्या मनातली भीती याच दृश्याची असते. पण गोष्ट इथे संपत नाही.

न्यायालयात सांगितलं गेलं होतं की ते सिम ग्लासगोच्या जीपमध्ये सापडलं. ते खोटं निघालं. सिम लिव्हरपूलमध्ये त्या नातेवाइकाकडे होतं. हनीफ यांच्या पोलीस जबाबाची नोंद त्यांचे बॅरिस्टर स्टीफन कीम यांनी वृत्तपत्राच्या हाती दिली, तेव्हा लोकांना दिसलं की पोलिसांनी न्यायालयात मांडलेल्या काही गोष्टी आणि हनीफ यांचे प्रत्यक्षातले शब्द जुळत नाहीत. २७ जुलैला सरकारी वकिलांनी आरोप मागे घेतला. २१ ऑगस्टला फेडरल कोर्टाचे न्यायमूर्ती जेफ्री स्पेंडर यांनी व्हिसा रद्द करण्याचा मंत्र्यांचा निर्णय रद्द केला. सरकारने अपील केलं. डिसेंबरमध्ये तीन न्यायाधीशांच्या पीठाने ते फेटाळलं. पुढच्या वर्षी निवृत्त न्यायाधीश जॉन क्लार्क यांच्या चौकशीचा अहवाल आला, त्यात हनीफ निर्दोष असल्याचं स्पष्ट झालं. २०१० साली सरकारने त्यांना नुकसानभरपाई दिली.

न्यायालयाने कायद्याचा जो अर्थ लावला तो आपल्यासाठी फार मोलाचा आहे. 'संबंध' म्हणजे नुसतं नातं, ओळख, एका घरात राहणं नव्हे. ज्या संबंधातून त्या माणसाच्या स्वतःच्या चारित्र्याबद्दल काही कळतं, तोच संबंध या कलमात येतो. गुन्हेगाराचा भाऊ असणं हा गुन्हा नाही, गुन्हेगाराची बायको असणं हा दोष नाही. साध्या माणुसकीने जे आपल्याला कळतं ते कायद्यात लिहून घेण्यासाठी एका माणसाला आपलं नाव, नोकरी आणि झोप पणाला लावावी लागली.

हनीफ यांना कशाने वाचवलं? चांगले वकील होते, धीट पत्रकार होते, स्वतंत्र न्यायालय होतं. हे सगळं खरं. पण या सगळ्यांना हातात धरायला जे मिळालं ते त्यांचं स्वतःचं बोलणं. सिम दिलं होतं, ते त्यांनी पोलिसांना सांगितलं. नातं होतं, तेही सांगितलं. त्यांनी नातं लपवलं असतं तर? एक खोटं वाक्य पुरलं असतं. मग भावाशी असलेल्या संबंधाचा अर्थ काढायची गरजच उरली नसती, खोटं बोलणं हेच चारित्र्याविरुद्धचं कारण झालं असतं.

म्हणून मघाच्या प्रश्नाचं माझं उत्तर असं आहे. नाव बघून कुणाच्या मनात शंका येणार नाही, याची हमी मी देऊ शकत नाही, कुणीच देऊ शकत नाही. पण नावावरून आलेल्या शंकेविरुद्ध लढता येतं, कायदा त्या वेळी आपल्या बाजूने उभा करता येतो. स्वतः लिहिलेल्या खोट्याविरुद्ध लढता येत नाही.

हे खोटं किती महाग पडतं ते ऐका. ऑस्ट्रेलियाच्या बहुतेक व्हिसांना ४०२० क्रमांकाची एक अट लागू आहे. खोटं कागदपत्र किंवा महत्त्वाची खोटी माहिती दिली तर व्हिसा नाकारतात आणि पुढची तीन वर्षं ही अट असलेला कोणताही व्हिसा मिळणं जवळपास बंद. खोटं ओळखीबद्दल असेल तर दहा वर्षं. आणि "मला माहीत नव्हतं, एजंटने केलं" हे उत्तर चालत नाही. २०१४ साली त्रिवेदी नावाच्या खटल्यात तिथल्या न्यायालयाने सांगितलं की कागदामागे कुणाची तरी फसवणूक हवी, निव्वळ नजरचूक पुरत नाही. पण ती फसवणूक अर्जदारानेच केली किंवा त्याला ठाऊक होती, असं असण्याची गरज नाही. एजंटचं पाप तुमच्या पासपोर्टवर चढतं.

इथे आपल्या समाजाची एक सवय आड येते. रत्नागिरी, रायगडपासून मराठवाड्यापर्यंत आपली मागची पिढी गल्फला गेली ती एजंटच्या हाताने. पासपोर्ट त्याच्याकडे, करार त्याच्याकडे, सही सांगेल तिथे. तो व्हिसा मालकाच्या नावावर चालायचा, त्यामुळे आपण कोण आहोत हे विचारणारा कागद फारसा हातात यायचाच नाही. आता जो अर्ज भरायचा आहे तो उलट आहे. त्यात तुम्हीच साक्षीदार, तुमच्याच आयुष्याचे. म्हणून अर्जाचा ईमेल स्वतःचा ठेवा, पासवर्ड स्वतःकडे ठेवा, पाठवण्याआधी प्रत्येक पान स्वतः वाचा. मैत्रिणींनो, तुमचा अर्ज भावाने किंवा नवऱ्याने भरला असला तरी जबाब तुमचा आहे. एजंट घ्यायचाच असेल तर ऑस्ट्रेलियाच्या सरकारी नोंदणीत त्याचा क्रमांक आहे का ते पाहा, ती यादी इंटरनेटवर कुणालाही फुकट दिसते.

आता कामाच्या गोष्टी.

चारित्र्य तपासणीसाठी फॉर्म ८० मागवला जातो. कुठे कुठे राहिलात, काय काय नोकऱ्या केल्या, कोणकोणत्या देशांत गेलात, पूर्वी व्हिसा नाकारला होता का, खटला चालू आहे का, शिक्षा झाली होती का, सगळं विचारतात. दोन नोकऱ्यांमधले सहा महिने घरी बसला होता, तर 'घरी होतो, नोकरी शोधत होतो' असं लिहा. रिकामी जागा संशय वाढवते, बेकारी वाढवत नाही.

सोळा वर्षांनंतर, मागच्या दहा वर्षांत, ज्या ज्या देशात मिळून बारा महिने किंवा जास्त राहिलात, त्या प्रत्येक देशाचं पोलीस क्लिअरन्स सर्टिफिकेट लागतं. भारताचं पासपोर्ट सेवा केंद्रातून मिळतं. दुबई, मस्कत, दोहा इथे नोकरी केली असेल तर तिथलंही लागतं. ते तिथे असताना काढणं सोपं जातं, घरी परतल्यावर बोटांचे ठसे आणि शिक्के यांत महिने जातात. आज गल्फमध्ये असलेल्या तुमच्या भावाला, मामूला हे कळवा.

मग नावं. आपल्या घरात हा खरा गुंता आहे. शाळेच्या दाखल्यावर 'मोहम्मद' एका तऱ्हेने, आधारवर दुसऱ्या तऱ्हेने, पासपोर्टवर नुसतं 'मो.' कुठे शेख आधी, कुठे शेवटी. महाराष्ट्राच्या रिवाजाप्रमाणे मध्ये वडिलांचं नाव, तर मार्कशीटवर ते आडनावाच्या जागी. आईच्या नावापुढे कुठे 'बी', कुठे 'बेगम', कुठे काहीच नाही. दहा वर्षांची बंदी ओळखीच्या खोट्याला आहे, स्पेलिंगच्या फरकाला नाही. पण फरक आहे हे तुम्ही आधी सांगितलं पाहिजे. ज्या ज्या नावांनी कागद आहेत ती सगळी नावं अर्जात लिहा, एकच व्यक्ती असल्याचं प्रतिज्ञापत्र करा, आणि मोठा फरक असेल तर राजपत्रात नाव बदलून घ्या. निकाहनामा उर्दूत असेल तर त्याचं इंग्रजी भाषांतर करा आणि १९९८च्या महाराष्ट्राच्या कायद्याप्रमाणे लग्नाची नोंदणी करून दाखला काढा. भाषांतर करणाऱ्याने आपलं पूर्ण नाव, पत्ता आणि पात्रता खाली लिहायला हवी.

शेवटी सगळ्यात नाजूक गोष्ट, इथले खटले. आपल्यातले काही जण मोर्चात गेले, धरणं धरलं, जमावबंदीचा गुन्हा नोंदला गेला. त्याचं काय?

पहिलं, आपल्याच पासपोर्टचं. कायद्याच्या कलम ६ मध्ये लिहिलं आहे की फौजदारी न्यायालयात खटला प्रलंबित असेल तर पासपोर्ट नाकारता येतो. पण २५ ऑगस्ट १९९३च्या केंद्र सरकारच्या अधिसूचनेने वाट ठेवली आहे. ज्या न्यायालयात खटला आहे तिथे अर्ज करा, परदेशी जाण्याची परवानगी घ्या, त्या आदेशावर पासपोर्ट मिळतो. आदेशात मुदत लिहिली नसेल तर तो एक वर्षाचा मिळतो, म्हणून वकिलाला मुदत मागायला सांगा. हे करायला लाज वाटायचं कारण नाही. पासपोर्टच्या अर्जात खटला लपवणं मात्र स्वतंत्र गुन्हा आहे.

दुसरं, त्यांच्या अर्जाचं. प्रश्न नीट वाचा आणि विचारलंय तेवढ्याचं पूर्ण उत्तर द्या. शिक्षा झाली का असं विचारलं आणि निर्दोष सुटला असाल, तर शिक्षा झाली नाही हेच खरं उत्तर. चालू खटला आहे का असं विचारलं आणि आहे, तर 'हो'. सोबत एफआयआरची प्रत, आरोपपत्र किंवा प्रकरण बंद केल्याचा अहवाल, न्यायालयाचा आदेश, या सगळ्याचं भाषांतर आणि एका पानाचं निवेदन जोडा: कोणत्या तारखेला, कुठे, कशासाठी जमलो होतो, काय झालं, आज खटला कुठे आहे. शांततेने विरोध करणं हा त्या देशातही नागरिकाचा हक्क मानला जातो. अधिकाऱ्याने ते तुमच्या तोंडून ऐकणं आणि दुसऱ्या कुठून तरी कळणं, यांत जमीन-अस्मानाचा फरक पडतो.

व्हिसा नाकारण्याच्या विचारात असतील तर बहुतेक वेळा आधी पत्र येतं, म्हणणं मांडायला मुदत देतात. ते पत्र स्पॅममध्ये पडून राहिलं म्हणून हातचा व्हिसा गेला, असं होऊ देऊ नका. नकारामागचं कारण लेखी मागून घ्या. काही निर्णयांवर तिथल्या न्यायाधिकरणात दाद मागता येते, काहींवर येत नाही. ते नकाराच्या पत्रातच लिहिलेलं असतं. दुसऱ्या देशात अर्ज कराल तेव्हा हा नकारही सांगायचा आहे, हे विसरू नका. आणि गुण, फी, बँकेत दाखवायची रक्कम हे सारखं बदलत असतं, म्हणून आकडे नेहमी तिथल्या गृहखात्याच्या संकेतस्थळावरच पाहा, कुणाच्या स्टेटसवर नाही.

मित्रांनो, आपल्याकडे 'चारित्र्याचा दाखला' म्हटलं की पोलीस पाटील, सरपंच, मुख्याध्यापक यांच्यापुढे हात जोडून उभा असलेला माणूस डोळ्यासमोर येतो. त्यामुळे आपल्याला वाटतं, चारित्र्य ही दुसऱ्याने द्यायची वस्तू आहे. मुसलमान असल्यावर तर जास्तच, जणू काही आपण निर्दोष आहोत याची पावती सतत खिशात हवी. मी तुम्हाला पावती गोळा करायला सांगत नाही. स्वतःच्या आयुष्याची फाइल स्वतः लिहा, खरी लिहा, पूर्ण लिहा, एवढंच सांगतोय. ती फाइल ऑस्ट्रेलियाला जाताना उपयोगी पडेल. नाही गेलात, इथेच राहिलात, तर घर भाड्याने घेताना, नोकरीला लागताना, कुणी खोटा आळ घेतला तर न्यायालयात उभं राहताना, तीच उपयोगी पडेल.

या आठवड्यात एकच काम करा. जन्मदाखला, शाळा सोडल्याचा दाखला, आधार आणि पासपोर्ट शेजारी शेजारी ठेवा आणि त्यांवरची नावं, तारखा ताडून पाहा. जिथे फरक दिसेल तो लिहून काढा. अम्मी-अब्बांच्या कागदांचंही करा, कारण अर्जात त्यांचीही नावं आणि जन्मतारखा भरायच्या असतात. अडलं तर आपल्या कार्यकर्त्यांकडे घेऊन या. ते तपासायला कुणी पैसे घेणार नाही.

 आता प्रश्न विचारा, आणि मोठ्या आवाजात विचारा.